बावीवरचा फेस

१

सकाळचा पहिला चहा मी स्वतः करतो, पण त्याचं पाणी सारिका आणून देते. ती शेजारच्या दाजींची सून. बावीवरून घरचं पाणी भरून परतताना एक कळशी माझ्या ओट्यावर ठेवते आणि "काका, पाणी" एवढंच म्हणून पुढे जाते. विहिरीला आमच्याकडे बाव म्हणतात. पुण्यात नोकरीची सगळी वर्षं काढली तरी 'विहीर' हा शब्द माझ्या तोंडात कधी बसला नाही. घरात नळ आहे, पण नळाच्या पाण्याचा चहा मला पांचट लागतो. हा नुसता समजही असू शकेल.

शिमगा उरकल्यानंतरच्या एका सकाळी कळशीतल्या पाण्यावर फेस होता. थोडासाच, काठाला लागून, बांगडीएवढा. मी तो चमच्याने काढून बशीत ठेवला. चहा झाला, वर्तमानपत्र वाचून झालं, आंघोळ झाली. बशीतला फेस होता तसाच होता.

मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक होतो आणि पाण्याचा पृष्ठभाग हा माझा विषय. बुडबुडे कसे धरतात आणि कसे फुटतात यावर मी प्रबंध लिहिला. त्या पदवीमुळे वाडीत मला डॉक्टर म्हणतात, आणि सारिकाच्या सासूने, तुळसाने, मला आजवर अनेकदा आपले गुडघे दाखवले आहेत. माझ्या ज्ञानावर माझा फारसा विश्वास राहिलेला नाही, पण फेसाबद्दल एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकतो. तो मरतो. पडद्यातलं पाणी खाली ओघळतं, पडदा पातळ होतो, फुटतो. साबणाचा असो की समुद्राचा. हा मात्र जेवणवेळेपर्यंत मेला नव्हता.

दुपारी कळशी परत द्यायला गेलो. तुळसा खळ्यात काजूच्या बिया वाळत घालत होती.

"बावीवर कोणी साबण लावून कपडे धुतले का हो?" मी विचारलं.

"बावीर साबण?" ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "डॉक्टरांनू, बावीच्या पायरेर आम्ही चपल घालून चढणव नाय. साबण लावतलो कोण? कोणाची छाती आसा?"

"मग हा फेस?"

"तुमच्या कळशेकच लागलो असतलो. घरात बायलमाणूस नाय, भांडी कशी घासतास देवाक म्हायत."

कळशी तिचीच होती.

सारिका दारात उभी होती. तिला पाचवा महिना होता. पहिल्या खेपेचं पोटातच गेलं होतं. वाडीत त्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणजेच सगळ्यांना ते ठाऊक आहे.

"काका, त्या पाण्यान काय होता?" तिने हळूच विचारलं.

"काही होत नाही गं," मी म्हटलं. आणि घरी आल्यावर जेवताना माझ्या मनात आलं, की हे मी कशाच्या आधारावर म्हटलं?

२

पाणी वरून येतं. आमची वाडी सड्याच्या पायथ्याशी आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात तो पोटभर पाणी पितो आणि वर्षभर ते भेगाभेगांतून खालच्या बावींना देत राहतो. तेव्हा फेसाचं मूळ शोधायचं तर वर जायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत मी काठी घेऊन निघालो.

सड्यावर एकच इमारत आहे, अग्निशमन केंद्राची. एक लाल बंब, एक पत्र्याची शेड, दारात कुंडीतली जास्वंद. केंद्राचे प्रमुख हरिश्चंद्र याच भागातले. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि सरकारी माणसं बोलतात तशा शुद्ध मराठीत बोलू लागले.

"वणवे लागतात, सर. काजूच्या बागा पेटतात. त्याला पाणी पुरतं. फोम लागतो तेलाच्या आगीला."

शेड छतापर्यंत फोमच्या निळ्या डब्यांनी भरली होती. "इतका?" मी विचारलं. "इथे तेल कुठे आहे?"

"हायवेला टँकर उलटला तर?"

"उलटलाय कधी?"

"एकदा तळेऱ्याच्या पुढे. आम्ही धावत गेलो." ते जरा ओशाळून हसले. "दुधाचा निघाला."

मी फोम बघायला मागितला तर त्यांनी आनंदाने दाखवला. त्यांच्या माणसांनी शेडच्या मागे होज ओढला, नळीच्या तोंडातून पांढरा फवारा निघाला आणि कातळावर पसरत गेला. "याची चादर बनते, सर," हरिश्चंद्र म्हणाले. "आमच्याकडे पहिला नियम शिकवतात तो हा, की चादरीत पाय घालायचा नाही. वरून विझलेलं दिसतं, पण खाली वाफ जिवंत असते. चादर फाटली की तिला हवा मिळते."

मी ऐकत होतो, पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. सरावासाठी बांधलेला सिमेंटचा खड्डा आवाराच्या दुसऱ्या टोकाला होता. हा फवारा मारला जात होता तिथे कातळाला एक भेग होती, माणूस आडवा मावेल एवढी लांब. भोवतीचं गवत मेलेलं. फेस त्या भेगेकडे सरकत होता आणि आत उतरत होता.

"खड्डा तिकडे आहे ना?"

"सराव आम्ही इथेच करतो."

"इथे कधी काही पेटवल्याचं दिसत नाही. कुठेच काजळी नाही."

हरिश्चंद्रांनी रुमालाने हात पुसले. "आधीचे साहेब इथेच करायचे. त्यांच्या आधीचेही. चार्ज देताना जागा दाखवून गेले. दर आठवड्याला करा म्हणाले."

"का, ते नाही सांगितलं?"

"मी विचारलं नाही, सर. नवीन घरात राहायला गेल्यावर तुळस इथेच का लावली, असं कोण विचारतं?"

मला राग यायला हवा होता. त्या डब्यांत काय असतं ते मी वाचून होतो. कार्बन आणि फ्लोरिनची अशी घट्ट जोडी, की ती तोडायची कात्री निसर्गाकडे नाही. ती पाण्यातून माणसात जाते आणि राहते. हे सगळं सारिकाच्या कळशीत उतरत होतं. पण खरं सांगायचं तर मला त्या क्षणी आनंद झाला होता. मूळ सापडलं होतं.

निघण्याआधी मी भेगेपाशी वाकलो आणि कान लावला. आतून चुरचुर ऐकू येत होती. फेस मरताना असा आवाज करतो, बुडबुड्याबुडबुड्याने. पण हा फेस मरत नाही. मग खाली चुरचुरत काय होतं?

३

या प्रकारच्या तपासात पहिला संशयित नमुना घेणारा स्वतःच असतो. रेनकोट, न चिकटणारा तवा, काही मलमं, सगळ्यांत हीच द्रव्यं असतात. त्यामुळे मी साबणाशिवाय आंघोळ केली, जुना सुती सदरा घातला, आणि शुद्ध पाण्याची एक बाटली साक्षीला बरोबर घेतली. ती बावीवर नुसती उघडायची आणि बंद करायची. त्यात काही सापडलं तर दोष माझ्या हातांचा. माझ्यासारख्या माणसाला ही पद्धत मानवते. तिच्यात स्वतःवर शंका घेणं हा नियमच आहे.

बाव जुनी आहे, जांभ्याने बांधलेली, आतून शेवाळलेली. दुपारचं ऊन सरळ आत पडतं तेवढाच वेळ तळ दिसतो. त्या दुपारी दिसला नाही. पाण्यावर दुधावरच्या सायीसारखा फेसाचा थर होता, काठापासून काठापर्यंत.

वरचा फेस मी पोहऱ्याने घेतला. गार होता, बावीचं पाणी असावं तसा. मग बांबूने फेस बाजूला सारला आणि त्या मोकळ्या जागेतून तापमापक दोरीने खाली सोडला. वर काढून बघितला आणि चष्मा पुसला. पुन्हा सोडला. पाणी ऊन होतं. उकळतं नव्हे, पण मे महिन्यात ओढ्याचं उथळ पाणी असतं त्याहून ऊन. एवढ्या खोल, सावलीतलं पाणी.

तापमापक म्हातारा आहे, मीही आहे. शिवाय सडा दिवसभर तापतो. मी तीन-चार कारणं काढली आणि एकही टिकेना. त्यात एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. दर वेळी मी फेस सारला की तो परत येऊन भोक बुजवायचा. वारा नव्हता. झोपेत कोणी पांघरूण अंगावर ओढून घ्यावं, तसा तो यायचा.

नमुने मी पुण्याला अपेक्षाकडे पाठवले. ती माझी शेवटची विद्यार्थिनी, आता पाणी तपासायची प्रयोगशाळा चालवते. आणि सारिकाला सांगितलं, अहवाल येईपर्यंत बावीचं पाणी पिऊ नकोस, नळाचं पी.

"नळ येता आठवड्यातसून एकदा," तुळसा म्हणाली. "मगे काय पिवचा? तुमचां शिक्षाण?"

"आई, गप रवा गो," सारिका म्हणाली. त्या दिवसापासून तिने बावीचं पाणी तोंडात घेतलं नाही. माझ्या एका शब्दावर. मला त्याचं ओझं वाटलं, आणि थोडा अभिमानही.

त्याच संध्याकाळी मी दाजींना सल्ला दिला. पावसाच्या आधी बाव उपसायची रीत आहेच; या वर्षी ती नीट उपसा. आधी वरचा फेस काढा, मग सगळं पाणी. सड्यावरचा सराव मी बंद करवतो. नवे झरे आले की बाव आपोआप धुऊन निघेल. शास्त्राच्या नजरेने बघितलं तर सल्ला बरोबर होता.

४

थोडं पाणी मी घरी ठेवलं होतं, लोणच्याच्या दोन बरण्यांत. एकीत फेस राहू दिला, दुसरीतला चमच्याने काढून टाकला. त्यामागे काही कारण नव्हतं. हाताला लागलेली सवय. फळी फणसाच्या लाकडाची, बंद पडलेल्या जुन्या चुलीच्या वरची. तिच्यावर दोन्ही शेजारी ठेवल्या.

दुपारी वीज गेली. पंखा थांबला की घर किती बोलतं ते कळतं. कौलं तडतडतात, माळ्यावर उंदीर असतो, फाटक वाजतं. मी कॉटवर पडून एकेक आवाज ओळखत होतो. एक ओळखेना. स्वयंपाकघरातून येत होता, फोडणीत मोहरी पडावी तसा, पण फार बारीक. घरात मी एकटाच. गॅस मी बंद केला होता. केला होता ना? माझ्या वयात हा प्रश्न रोजचा आहे. उठून बघितलं. बंद होता.

आवाज फळीवरून येत होता. फेस काढलेल्या बरणीची काच आतून धुरकटली होती आणि पाणी बोटभर खाली गेलं होतं. मी बरणीला हात लावला. तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा, तसं वाटलं.

कौलांत एक काचेचं कौल आहे, त्यातून कवडसा पडतो. तो बरणी तापवत असणार, असं मी ठरवलं. मग कवडसा शोधला. तो पडला होता पहिल्या बरणीवर. ती गार होती.

मी चमच्याने पहिल्या बरणीतला थोडा फेस उचलला आणि दुसरीत सोडला. तो पसरला, काठाला लागला. चुरचुर थांबली. इतकी एकदम, की स्वयंपाकघर मोठं झाल्यासारखं वाटलं.

फेस काढला. थोडा वेळ गेला आणि आवाज सुरू. फेस घातला, बंद. मी हे वीज येईपर्यंत करत राहिलो. मला भीती वाटायला हवी होती, पण प्रयोगशाळेतल्या पहिल्या वर्षासारखी मजा वाटत होती. जणू एखाद्या नळीच्या पलीकडच्या तोंडाशी कोणीतरी आहे आणि मी बोट ठेवलं की गप्प बसतंय. काय असेल, एवढाच प्रश्न डोक्यात होता.

बरणी उचलली तेव्हा फळीवर तपकिरी गोल उमटला होता. चुलीवरून उतरवलेलं भांडं ठेवावं तसा. करपलेल्या फणसाचा वास आला.

५

अपेक्षाचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर होतो.

"सर, तुमचा संशय खरा आहे. भरपूर आहे. कोणीच पिऊ नये, गरोदर बाईने तर थेंबही नाही. मी अहवाल तुमच्या नावाने जिल्ह्याला पाठवतेय."

"साक्षीची बाटली?"

"स्वच्छ. सर, तुम्ही निर्दोष आहात." ती हसली. मग म्हणाली, "पण बाटल्या उन्हात ठेवल्या होत्या का? फेस होता ती ठीक आहे. खालच्या पाण्याच्या दोन्ही मऊ होऊन वाकड्या झाल्यात. बूड बाहेर आलंय. कुरियरच्या गाडीत तापल्या असतील, नाही?"

"असेल," मी म्हटलं.

सारिका कठड्याला टेकून ऐकत होती. तिला मी सांगितलं, पाण्यात विष आहे. तू प्यायची थांबलीस ते बरं केलंस.

"काका, पयल्या येळचां... तां ह्या पाण्यानच गेलां काय?"

"माहीत नाही गं. कोणीच सांगू शकणार नाही."

ती रडली नाही. "ह्या येळचां तरी," एवढं म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "बाव साफ होतली ना?"

दाजींना थांबवायचं असेल तर तीच वेळ होती. पण सांगणार काय? बरणी गरम झाली, बाटली वाकली? मी शिकलेला माणूस; कारणाशिवाय बोलायची मला सवय नाही. आणि सगळी कारणं तर बाव उपसण्याच्याच बाजूची होती.

"होईल," मी म्हटलं.

६

वाडीतली चार घरं बावीवर जमली. दाजींनी पायरीवर नारळ ठेवला, डोकीवरची टोपी सारखी केली आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझी बाव उपसूक जमलेली आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

"कोणाचो पाय घसरलो, कोणाचो सबूद चुकलो, तर पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग टोपल्या सोडून फेस काढायला सुरुवात झाली. काढून तो बाजूच्या माडाखाली टाकत होते. तिथे पांढरा ढीग साचला. पंप लागला. पाणी उतरत गेलं तसा सारिकाचा नवरा, सर्वेश, लंगोटा कसून खोबणींत पाय देत खाली निघाला. तो मालवणात पर्यटकांच्या बोटीवर असतो, पाण्याला घाबरणारा नाही.

"डॉक्टर काकानू, मासो गावलो तर पयलो तुमका!" तो खालून ओरडला.

"मासो नको, तू वर ये म्हणजे झाला," तुळसा म्हणाली.

बावीच्या तोंडावरची हवा हलत होती, तापल्या डांबरावर हलते तशी. पंपाचं इंजिन तापलंय, असं मी मनात म्हटलं. पंप पलीकडे होता आणि वारा उलटा होता.

"आवशीक! पाणी ऊन आसा गो!" सर्वेशचा आवाज घुमला. "न्हाणीतला पाणी कसा!"

"मगे साबण धाडू काय?" कोणीतरी विचारलं, आणि सगळे हसले.

सर्वेश हसला नाही. त्याच्या गुडघ्याएवढं पाणी उरलं होतं. तो भिंतीकडे बघत होता. मी कठड्यावर पोट टेकून वाकलो.

झरा येतो ती भेग उघडी पडली होती. तिच्यातून पाणी येत नव्हतं. आत लाल दिसत होतं. जांभा लालच असतो, आणि भिजलेला जांभा जास्त लाल. मी स्वतःला हे समजावत असतानाच ते लाल मंद झालं. मग हळूहळू पुन्हा भरलं. झोपलेल्याची छाती भरते तसं. मग पुन्हा मंद. भेगेतून ओला लाकूडफाटा जळताना येते तशी चुरचुर येत होती. आणि एकदा, त्या लालाच्या समोरून, आतून, काहीतरी आडवं सरकत आलं आणि थांबलं. बाहेर कोण उभं आहे ते बघायला थांबावं तसं.

"वर ये!" मी ओरडलो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "सर्वेश, वर ये! आत्ता!"

तो आला. भराभर आला, विचारत न बसता. पायरीवर बसून तळवे बघू लागला. ते लाल झाले होते. "दगड खरखरीत आसत," तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

मी बाजूला जाऊन हरिश्चंद्रांना फोन लावला. "फोम घेऊन या. आमच्या बावीत ओतायचा आहे. जितका असेल तितका." पुढची कारणं मी जुळवून ठेवली होती. त्यांनी एकही विचारलं नाही. त्यांच्या आवाजामागे बंबाचं इंजिन आधीच सुरू होतं.

"निघालोच, सर," ते म्हणाले. "इकडे वर कातळ कधीचा चुरचुरतोय."

बंब आला आणि नळी बावीत सोडली, तेव्हा तुळसा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "विख म्हणान तुम्हीच सांगलास, आणि आता तुम्हीच ओतूक लायतास? डोक्या फिरला काय तुमचा?"

"हो," मी म्हटलं. "पण ओतू द्या."

सर्वेश बंबवाल्यांना नळी धरू लागत होता. सारिका माडाखाली उभी होती, त्या पांढऱ्या ढिगापासून लांब, आणि माझ्याकडे बघत होती. तिने कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवला होता आणि तो माणूस मी होतो.

बाव अर्धी भरली तेव्हा चुरचुर थांबली. बावीवर ती मला एकट्यालाच ऐकू येत होती का, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही.

७

बावीवर फळ्या ठोकल्या. पाण्याचा टँकर येऊ लागला. सारिका बाळंतपणाला वैभववाडीला माहेरी गेली आणि श्रावणात तिला मुलगी झाली. नीट, धडधाकट. ती बातमी आली त्या दिवशी मी चहात जास्तीची साखर घातली. वाडीने मला माफ केलं नसेल, पण निदान बोलणं सुरू केलं.

हरिश्चंद्रांचा सराव चालूच होता. मी हरकत घेतली नाही. पाणी आता कोणी पीत नव्हतं, आणि वर चादर होती. यातून मार्ग निघेल असं मी समजत होतो.

पण अहवाल माझ्या नावाने गेलेला होता आणि तो चांगला होता. दिवाळीनंतर आदेश निघाला. जिल्ह्यात हा फोम वापरायचा नाही. साठा परत घ्यायचा. सड्याखालच्या सगळ्या बावी सरकारी खर्चाने उपसून, खरवडून साफ करायच्या. अपेक्षाने फोनवर अभिनंदन केलं. तुळसाने पहिल्यांदाच माझ्याकडे आपण होऊन गुळाचे खटखटे लाडू पाठवले.

हरिश्चंद्र एका संध्याकाळी आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"गाडी येऊन सगळे डबे घेऊन गेली, सर. नवीन प्रकारचा दिलाय. विषारी नाही म्हणतात."

"मग?"

"सकाळी मारला भेगेत. दुपारी बघितलं तर नव्हता." त्यांनी टोपी हातात फिरवली. "आता तुम्हीच काहीतरी लिहा ना वर. तुमचं ऐकतील."

मी लिहायला बसलो. साफसफाई थांबवावी, एवढं लिहून झालं. त्यापुढे 'कारण' असा शब्द लिहिला आणि पेन थांबलं. माझ्या अहवालातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. त्याच्या विरुद्ध मी काय मांडणार होतो? एक म्हातारा तापमापक, आणि लाल दगड.

कागद अजून टेबलावर आहे.

८

पौषात सारिका मुलीला घेऊन परत आली. त्याच आठवड्यात सरकारी माणसांनी बावीवरच्या फळ्या उघडून फेस काढून नेला होता. मी बघायला गेलो. बाहेर गारठा होता, मी मफलर गुंडाळला होता. माजघरात पाळणा बांधला होता आणि तो रिकामा होता.

"काका, येवा!" सारिका उठली. ती भरली होती, चेहऱ्यावर तेज आलं होतं. "पाळण्यात रवणाच नाय बघा ह्यां. नुसता रडता. भुंयेर घातला काय गप."

मुलगी फरशीवर निजली होती, खाली एक जुनं पातळ धडपं, अंगावर दुपटं. मुठी मिटलेल्या.

"गारठ्यात फरशीवर?"

"गार खंय? हात लावून बघा. दोन दिस झाले, कशी ऊब येता. आई म्हणतत, चेडू पायगुणाचां आसा, घराक ऊब घेऊन इलां."

मी गुडघे टेकवले. मला ते सहज जमत नाही. तिने हाताला धरलं. मुलीच्या शेजारी मी तळवा फरशीवर ठेवला आणि ठेवून राहिलो. ऊब होती. मग ती ओसरली. मला वाटलं, संपली. मग सावकाश पुन्हा भरली. मुलीचा श्वास त्याच लयीत चालला होता.

"उचल तिला," मी म्हटलं.

"आताच निजलां, काका." सारिका हसली, वाकली, आणि मुलीच्या अंगावरचं दुपटं काढून बाजूला ठेवलं. "घाम इलो बघा तेका."